चेंबरचं पॅकिंग

गाडी माझी एकट्याची नाही, हे आधीच सांगून टाकतो. मनवेलपाड्यात आमच्या चाळीच्या दोन ओळी आहेत. त्यातल्या सात पोरांनी वर्गणी काढली आणि शाळेची मुलं नेणाऱ्या एका ड्रायव्हरकडून ही गाडी घेतली. मारुती ओम्नी, २००४ चं मॉडेल. रंग पांढरा, असं कागदावर लिहिलेलं आहे. १९८४ साली ही गाडी मारुती व्हॅन म्हणून निघाली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं, आणि २०१९ साली कंपनीने ती काढायची बंद केली. हिंदी सिनेमात माणसं पळवायला हीच गाडी असते. आम्ही तिच्यात पुस्तकं भरतो. २० मार्चला महाड, १४ एप्रिलला लाऊडस्पीकर, ६ डिसेंबरला शिवाजी पार्क. मागची सीट काढून टाकलीय. एकजण गठ्ठ्यांवर बसून जातो. बहुतेक वेळा तो मीच असतो.

गेल्या नोव्हेंबरात गाडी ऑइल गाळायला लागली. आधी रात्रीतून रुपयाएवढा डाग पडायचा, मग भाकरीएवढा. ६ डिसेंबर तीन आठवड्यांवर आलेला. एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, चेंबरचं पॅकिंग गेलंय, साडेतीन हजार होतील. पॅकिंग केवढ्याला येतं, असं विचारलं तर म्हणाला, पॅकिंगचे पैसे नसतात हो, मजुरीचे असतात. बरोबर बोलला. मजुरीचे पैसे मागतात ही गोष्ट मला पटते. फक्त ते आमच्याकडे नव्हते.

ज्यांनी गाडी फक्त बाहेरून बघितलीय त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनच्या पोटाखाली पत्र्याचं एक तसराळं असतं. त्यात तीनेक लिटर ऑइल बसतं. मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. हे तसराळं बारक्या बोल्टांनी इंजिनला खालून कडेकडेने आवळलेलं असतं. लोखंडाला लोखंड कितीही आवळा, मधून ऑइल वाट काढणारच. म्हणून दोघांच्या मध्ये बुचाची नाहीतर रबराची पट्टी घालतात. ते पॅकिंग. बूच म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडच्या ओकच्या झाडाची साल. नऊ-नऊ वर्षांनी सोलून काढतात, झाड पुन्हा साल धरतं. आपल्याकडच्या बुचाच्या झाडाची सालसुद्धा त्याऐवजी वापरायचे. तर ही पट्टी इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजत राहते, कडक होते, आखडते, आणि मग गळती.

मी म्हणालो, घरीच करू. माझ्यात गुर्मी होती. तारापूरला एका मिलमध्ये मी रिंगखात्यात ऑइलमन आहे. २०१३ पासून लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत जाते, त्यातून रोज वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी करत बोईसरला उतरतो. बारा तास हेडस्टॉकच्या गिअरला ऑइल, स्पिंडलला ऑइल, बेअरिंगला ग्रीस. फिटर हाताखाली घेतो तेव्हा गिअरबॉक्सचं झाकणही उघडतो. शाळा आठवीपर्यंत, बाकीचं रात्री वाचलेलं. कविता करतो. एवढं सगळं येत असताना एक पत्र्याचं तसराळं येणार नाही होय, असं मला वाटलं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, रात्रपाळी करून सकाळी आले. एका इमारतीवर वॉचमन आहेत. साठीला टेकलेत. गाडीजवळ उभे राहिले, खाली वाकले, बोटाला ऑइल लावून चोळलं.

"आधी पूस," म्हणाले. "वरून ओघळून येतंय का बघ. टॅपेट कव्हर गळलं तरी डाग खालीच पडतो."

मग इंजिन डिझेलने पुसलं, कोरडं केलं, आणि आईच्या अंगाला लावायच्या पावडरीचा डबा चेंबरच्या कडेने शिंपडला. दहा मिनिटं गाडी चालू ठेवली. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटली ती मागच्या कोपऱ्यातून, चेंबरच्या सांध्यातूनच. गॅरेजवाला खोटं बोलला नव्हता, हेही लिहून ठेवतो.

रविवारी काम काढलं. चाकांना विटा लावल्या, पुढून जॅकने उचलली, खाली दोन लोखंडी घोड्या दिल्या. मित्रांनो, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपू नका. जॅक सरकला तर सांगायला कुणी उरत नाही. इंजिन पाच मिनिटं तापवलं म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट येतं. ड्रेन नट खोलला, घमेल्यात काळंभोर ऑइल धो धो आलं. ते गटारात ओतायचं नाही. आमचं गटार तळ्याकडे जातं. डब्यात भरून भंगारवाल्याला दिलं.

मग दहा नंबरचा पाना घेऊन बोल्ट. एक आधीच गायब होता. बाकीचे काढले तरी चेंबर चिकटून बसलेलं. मी स्क्रू-ड्रायव्हर घातला सांध्यात. आण्णा म्हणाले, "घालू नको. कड वाकेल. बाजूने लाकडाने ठोक." ठोकलं, सुटलं.

आणि इथे मी ते वाक्य बोललो. सहज बोललो. सहा पोरं उभी होती, एकजण मोबाईलवर शूटिंग घेत होता. मी गाडीखालूनच हात बाहेर काढून चेंबर आण्णांकडे दिलं आणि म्हणालो, "आण्णा, तुम्ही हे धुवा, पॅकिंग मी बसवतो."

आण्णा उकिडवे बसले आणि धुवायला लागले.

आता माझ्या बापाची गोष्ट सांगायला पाहिजे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यात माझे आजोबा होते. डिलाईल रोडला बीडीडी चाळीत दुसऱ्याच्या खोलीत पोटभाड्याने राहायचे. चार महिन्यांत घरातली भांडी गेली. आण्णा तेव्हा सोळा वर्षांचे. शाळा सोडून एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागले. टॅक्सीचं गॅरेज, म्हणजे सगळ्या पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. १९७४ ला नाव बदललं तरी लोक तिला फियाटच म्हणायचे, आण्णा अजून म्हणतात. त्यांचं काम धुणं. चेंबर धुवायचं, जाळी धुवायची, जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडायचं, रॉकेलच्या पत्र्यात हात बुडवून बसायचं. पुसायला मिळायची ती वेस्ट, गिरणीतून निघालेला सुताचा कचरा. बापाची गिरणी बंद, आणि त्याच गिरण्यांच्या वेस्टने पोरगा लोखंड पुसतोय.

अठरा वर्षं. त्यांच्या मागून आलेली पोरं मिस्त्री झाली. कुणी मालकाच्या गावचं, कुणी मिस्त्रीच्या नात्यातलं. आण्णांच्या हातात पाना यायचा तो पुसायला. कुणी तोंडावर जात काढली का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "काढायला कशाला पाहिजे? माठ कुठला, ग्लास कुठला, हे पहिल्या दिवशीच कळतं." एकदा त्यांनी एक चेंबर बसवायला घेतलं तर मिस्त्री म्हणाला, ठेव, गिऱ्हाईक बघतंय. बस, एवढंच.

२००० च्या सुमाराला पद्मिनी बनायची बंद झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या तेव्हा पेपरांत केवढे लेख आले, लोकांनी फोटो काढले, गळे काढले. मी आण्णांना मोबाईलवर दाखवलं. बघून म्हणाले, "चला, सुटली."

तर त्या रविवारी. आण्णा धुता धुता चेंबरच्या तळातला गाळ बोटाने काढून उन्हात धरत होते. गाळात चकाकी दिसली तर बेअरिंग खपायला लागलं. नुसतं काळं असेल तर ऑइल वेळेवर बदललं नाही एवढंच. "काळंच आहे," म्हणाले. मग गाडीखाली आले, खिशातून बॉलपेनची रिकामी नळी काढली, इंजिनच्या एकेका बोल्टाच्या भोकाला लावली आणि तोंडाने फुंकर मारायला लागले. भोकात ऑइल नाहीतर पॅकिंगचा चुरा राहिला तर बोल्ट त्याच्यावर जाऊन अडतो. हाताला वाटतं आवळला, आणि पॅकिंग दाबलेलंच नसतं. हे मला मिलमध्येही कुणी सांगितलं नव्हतं. काळे थेंब त्यांच्या ओठांवर, मिशीवर उडत होते.

त्यांचं ते तोंड बघून मला धोटा आठवला. गिरणीत साचाखात्यात कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. एका धोट्याला दिवसभरात अनेकांचं तोंड लागायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली असे धोटे कायद्याने बंद केले, कारण रोग पसरतो. मुंबईत रोगाची भीती कुणाला वाटली नाही. इथे विटाळाची वाटली. महाराच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, म्हणून अस्पृश्यांना साचाखातं बंद. आणि पगार जास्त साचाखात्यातच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, की मालकाकडे इतक्या मागण्या करता, त्यात ही पण घाला. पुढाऱ्यांना ती मागणी जड गेली. कामगारांची एकी मोडेल म्हणे. आमचे पणजोबा रत्नागिरीकडून आलेले, त्या वेळी त्रासनखात्यात होते. आजोबा रिंगखात्यात. पुढे बंदी सैल झाली असेल, पण आमच्या घरातून साचाखात्यात कुणी पोचलं नाही. मी पण रिंगखात्यातच. आता आमच्या मिलमध्ये साच्यांना धोटाच नाही, हवेच्या झोताने सूत पलीकडे जातं. तोंडाचा प्रश्नच मिटला. डबा खायला मात्र लोक अजून आपापल्या कोंडाळ्यात बसतात. कोंडाळी कशी पडतात ते तुम्हाला सांगायला नको.

हे सगळं मी गाडीखाली झोपून मनात आणलं. भाषणाचा मुद्दा म्हणून चांगला आहे असंही वाटलं. आणि नवीन पॅकिंग घेऊन आवळायला लागलो. माझ्या बाजूला कोण बसलंय ते दिसलंच नाही.

आवळलं ते कसं, तर मिलमध्ये गिअरबॉक्सचं झाकण आवळतो तसं. एका कोपऱ्यातून सुरू केलं, एकेक बोल्ट पूर्ण पिळत पुढे गेलो. पान्याला पाईप लावून जोर दिला. आण्णा एकदा म्हणाले, "एवढं नको." मी म्हणालो, "गळायला नको ना परत." संध्याकाळी ऑइल भरलं, गाडी सुरू केली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. रात्री नऊला खाली पुठ्ठा घातलेला बघितला. आधी भाकरी होती, आता परात होती. सांध्यातून पॅकिंग जिभेसारखं बाहेर आलेलं, दोन ठिकाणी फाटलेलं.

जेवताना कुणी बोललं नाही. आण्णा ड्युटीला गेले. मग आई भांडी घासता घासता म्हणाली, "त्यांना विचारलंस का, कसं बसवायचं?"

"ते तर धुवायचं काम करायचे," मी म्हणालो.

"अठरा वर्षं धुतलीत त्यांनी. एकाने तरी बसवायला दिलं का?" हात थांबवून तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तू पण आज धुवायलाच दिलंस."

मित्रांनो, त्या रात्री कविता लिहायला बसलो. झाली नाही. लिहिली असती तर तिच्यातही मिस्त्री कुणी दुसराच निघाला असता. १४ एप्रिलला स्टेजवरून मी मोठ्याने बोलतो, कोण कुणाला कोणत्या खात्यात शिरू देत नाही यावर बोलतो, आणि माझ्या घरातल्या खात्याच्या दारात मीच उभा होतो. मालकाची भाषा शिकायला मालक व्हावं लागत नाही. हातात पाना आला तरी पुरतं.

पुढच्या रविवारी पाना आण्णांना दिला. देताना काही बोललो नाही, बोलायला जमलंही नसतं. त्यांनीही काही विचारलं नाही. पाना घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "पाईप काढून ठेव."

पहिलं काम त्यांनी केलं ते चेंबर पालथं घालून कडेवरून बोट फिरवायचं. माझ्या जोराने प्रत्येक बोल्टाच्या भोकाभोवती पत्रा वर आलेला, खळगे पडलेले. अशा कडेवर कुठलंही पॅकिंग बसवा, बोल्टापाशी दाबलं जाणार आणि मधे मोकळं राहणार. सपाट दगड पाहिजे होता. आईने पाटा द्यायला साफ नकार दिला. मग मोरीच्या उंबऱ्याच्या कडप्प्यावर चेंबरची कड ठेवून बारक्या हातोडीने एकेक खळगा बसवला. तास गेला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, भांडी ठोकायचा धंदा काढला का? आण्णा हसले. हातोडी चालूच.

दुसरी गोष्ट त्यांनी शोधली ती आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हती. इंजिनच्या श्वासाचा पाईप असतो, ब्रीदर. जुन्या इंजिनात पिस्टनच्या बाजूने गॅस खाली उतरतो, तो या पाईपमधून निघून जायला पाहिजे. आमच्या गाडीचा पाईप गाळाने बुजला होता. आतला गॅस वाट काढायचा, आणि वाट म्हणजे पॅकिंग. "हे बुजलेलं असलं तर सोन्याचं पॅकिंग घाल, गळणारच," म्हणाले. गॅरेजवाल्याने साडेतीन हजारांत हे बघितलं असतं का, माहीत नाही. बघितलंही असतं.

नवीन बुचाचं पॅकिंग दुकानात पडून सुकलेलं, भोकं जुळेनात. मी ताणायला गेलो तर माझा हात धरला. बादलीत पाणी घेऊन पॅकिंग अर्धा तास भिजत घातलं. बूच फुगलं, मऊ झालं, भोकाला भोक आलं. कोरडं पुसून चेंबरच्या बाजूला पातळ सोल्युशन लावून चिकटवलं, इंजिनच्या बाजूला काही नाही. मग सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी लावले. गायब होता तोसुद्धा नवीन आणलेला. एकही पूर्ण आवळायचा नाही जोवर सगळे लागत नाहीत. नंतर मधल्यापासून सुरुवात, एक या बाजूचा, एक समोरचा, असं बाहेरच्या बाजूला जायचं, अर्धा अर्धा आटा. तीन फेऱ्या. पाना त्यांनी टोकाला धरलाच नाही, बोल्टाच्या जवळ आखूड धरला. "मनगटाचं काम आहे," म्हणाले, "खांद्याचं नाही. पॅकिंग नुसतं चेपलं पाहिजे. बाहेर डोकावलं की मेलं."

मी बॅटरी धरून बाजूला झोपलो होतो. त्यांचे ओठ पुटपुटत होते. आधी वाटलं बोल्ट मोजतायत. मग कळलं, ते मिस्त्रीच्याच शब्दांत स्वतःला सांगत होते. इकडला. आता समोरला. बस. पुढला. अठरा वर्षं बाजूला बसून ऐकलेलं.

झाल्यावर लगेच ऑइल भरू दिलं नाही. सोल्युशन सुकू दे म्हणाले, आणि चहा घेतला. दोन तासांनी ऑइल भरलं. गाडी चालू केली, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला, तेव्हा इंजिन चालू ठेवून त्यांनी खाली बघितलं. मग बंद करून, गरम असताना पुन्हा एक फेरी मारली. दोन बोल्ट तेवढे किंचित फिरले. शूटिंग घेणाऱ्या पोराने विचारलं, "काका, बसलं का?" आण्णा म्हणाले, "सकाळी सांगतो."

सकाळी ड्युटीवरून आल्यावर घरात न येता आधी गाडीकडे गेले. मी दात घासत बाहेर आलो. पुठ्ठा ओढून काढला. इंजिनखाली कोरडा. मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या शेवटाला, एक लहानसा डाग होता. माझ्या पोटात गोळा आला. आण्णांनी बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं. गंधकासारखा उग्र वास.

"हे इंजिनचं नाही," म्हणाले. "नव्वद नंबर. गिअर ऑइल. मागचं सील गेलंय."

"मग?"

"सहा तारखेला जाऊन या. थेंबच आहे, जाताना लेव्हल बघून घ्या. आल्यावर खोलू." आणि पुठ्ठा घडी करून त्यांनी परत गाडीखाली सरकवला, आता गिअरबॉक्सच्या बरोबर खाली.